उडणाऱ्या माणसाला आदरांजली

आदरणीय भागुजीदादा यांना,

निरगुडसरहून समाधानचा सप्रेम जय भीम. गुडघा कसा आहे? जुन्नरहून वहिनींनी पाठवलेलं लोणचं पोचलं आणि संपलंही (बरणी रिकामी परत पाठवू नये म्हणतात, म्हणून तीत शेंगा भरल्यात).

दादा, तुमची स्वप्ना फार गुणी लेक. अवसरीला इंजिनियरिंग शिकते आणि सुट्टी मिळाली की येऊन मला बळंच जेवायला घालते. गेल्या रविवारी तिने मला मंचरला थेटरात नेलं. सिनेमा उडणाऱ्या माणसाचा. "मामा, त्यात बी हीरो हरतो, त्याची माणसं जात्यात, पण तो पुढं चालायला लागतो," म्हणाली. (रोख कळला. तुमची बहीण जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल आणि मी आहे तिथंच बसलोय.)

पण त्या लोकांचं पुढं चालणं फारच झटपट. आई जाते, हीरो डोंगरावर दाढी वाढवतो, एक गाणं होतं, कुणी म्हातारा दोन वाक्यं ऐकवतो, की दाढी साफ आणि गडी आभाळात. मधल्या दिवसांत भाकरी कोण थापतं, रेशन कार्डावरचं नाव कमी करायला हेलपाटे कोण घालतं, काही दाखवत नाहीत. तेही सोडा. शेवटी हीरोचा जोडीदार जग वाचवताना मरतो. माणसं जमतात, फुलं ठेवतात आणि एक अक्षर न बोलता निघून जातात.

तिथं माझं डोकं फिरलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कुणाचाही असो, तुमच्या-आमच्या दोन्ही तालुक्यांत आदरांजलीला आधी माझं नाव पुकारतात. अनोळखी माणसावरही मी वीस-वीस मिनिटं बोललोय. फक्त द्रौपदाच्या वेळी माईकपुढं उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. तुम्ही म्हणालात, "जगासाठी बोलला, माझ्या बहिणीसाठी न्हाई." खोटं नव्हतं ते. तेव्हापासून तुम्ही आमच्या दारात आला नाहीत, पण लोणचं येत राहिलं, लेक येत राहिली. त्यावर मी दिवस काढले, दादा.

तर त्या जोडीदारासाठी मी थेटरात उठलो, टोपी काढली. "कालकथित" म्हणालो, पुढं त्या माणसाचं नाव आठवेना (इंग्रजी होतं). तोंडातून आलं, "द्रौपदा." मग थांबलोच नाही. माझी भाषणं ती भाकरी थापत आधी ऐकायची आणि "लई लांबलं" म्हणत निम्मी कापायची, तेही सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा बाबा, त्यो पुढच्या भागात परत येणार हाय." मी म्हणालो, "ही न्हाई येणार, राव." स्वप्नाने मला खाली ओढलं नाही, शेजारी उभी राहिली. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.

आता मी पुरता सावरलोय. काळजी नसावी.

आपला,
समाधान

ता. क. सावरलोय की नाही, हे स्वप्नाला विचारू नका. ती खरं सांगेल.

आणखी एक. चौदा तारखेला स्मृतिदिन. दारातच मांडव घालतोय. या वेळी मी बोलणार आहे. संसाराची एकतीस वर्षं माझ्याजवळ आहेत, पण त्याआधीची द्रौपदा फक्त तुम्हाला ठाऊक. ती सांगायला बसली की मीच बोलत सुटायचो. म्हणून तुम्ही या, आणि माझ्याआधी तुम्ही बोला. मला ऐकायचंय.