अक्काच्या सहीची मुलाखत

भोर, मंगळवार

तीर्थस्वरूप सौ. सुलक्षणाअक्का हिस,

धाकट्या कुंडलिकचा साष्टांग नमस्कार. इकडे आईचा गुडघा सोडून सगळे खुशाल. दाजींचा खोकला कमी झाला का? नसरापूरची धूळ हायवेमुळं हटत नाही आणि दाजींची बिडी कशानंच सुटत नाही, असं आई म्हणते (मी म्हणत नाही, पत्र दाजींना वाचून दाखवलंस तर हे आवर्जून सांग). भोरहून नसरापूर असं कितीसं लांब, तरी पत्र लिहितोय, कारण अकरा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस.

म्हणजे मुलाखत तू पाहिलीस. पण ती कशी झाली ते तरी ऐकून घे. जमिनीच्या धंद्यात आता नुसत्या ओळखीवर भागत नाही, प्रसिद्धी लागते, हे मला सार्थकनं पटवलं. हा पुण्याचा पोरगा आम्हा एजंट लोकांना कॅमेऱ्यापुढं बोलायला शिकवतो. त्यानं माझा आठवडाभर अभ्यास घेतला. मोबाईलला रेंज नाही असं म्हणायचं नाही, 'निवांतपणा' म्हणायचं. एस.टी. दिवसातून दोनदा येते म्हणायचं नाही, 'गर्दीपासून दूर' म्हणायचं. पाण्याचं विचारलं तर धरणाकडं बोट दाखवून गप्प राहायचं (हे मला आधीपासूनच येत होतं). आणि काही झालं तरी चेहऱ्यावरचं हसू ढळू द्यायचं नाही.

मुलाखत घ्यायला शिवानी म्हणून एक बाई आल्या. मोबाईलवर त्यांचा चॅनेल आहे, लाखभर लोक बघतात. पानशेतच्या वरच्या अंगाला माळावर भर दुपारी मला कोट घालून उभा केला. आधी म्हणाल्या, गवतातून सहज चालत या. अक्का, माणूस जन्मभर चालतो, पण सहज चाला म्हटलं की त्याला पाय कुठं ठेवावा ते कळत नाही. नऊ वेळा चाललो. तिकडून गेनबा म्हातारा आला, त्यानं विचारलं, "काय पडलं रं तुजं?" मला बोलता येईना, कारण हसू धरून ठेवायचं होतं. तो आपला वाकून शोधायला लागला. मग भारे घेऊन चाललेल्या दोन बाया भारे टाकून त्याला मिळाल्या. आता चॅनेलवर मी कोटात हसत चालतोय आणि माझ्यामागं तीन माणसं गवत चाचपतायत. खाली कुणीतरी लिहिलंय, आपला प्लॉट शोधत असतील बिचारे.

इथवर हसण्यावारी गेलं. मग शिवानीबाईंनी विचारलं, लोकांनी तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? अशा वेळी घरची एखादी गोष्ट सांगा, हा सार्थकचा सल्ला होता, आणि माझ्या तोंडून तुझी गोष्ट निघाली. म्हणालो, वडिलांच्या माघारी माझ्या बहिणीनं त्यांच्या जमिनीच्या हक्कसोड पत्रावर हसत हसत सही केली, साधं लुगडंसुद्धा मागितलं नाही. आमच्याकडं कागदाच्या आधी माणूस असतो. बोलताना माझे डोळे भरून आले, आणि ते सार्थकनं शिकवलेलं नव्हतं, देवाशपथ.

तीन दिवस लोकांनी वाहवा केली. चौथ्या दिवशी कुण्या बाईनं खाली लिहिलं, 'बहिणीला पण विचारा.' संध्याकाळपर्यंत दोनशे बायकांनी तेच लिहिलं. आता शिवानीबाईंना दुसरा भाग करायचाय. माझी दोन गिऱ्हाइकं म्हणतात, तो बघून मगच ठरवू. मी रोज लोकांना सांगतो, घाई करू नका, कागद वाचा, सगळ्या वारसांच्या सह्या बघा. आता लोक माझाच कागद बघायला निघालेत.

दाजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
कुंडलिक

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. रविवारी शिवानीबाई येतायत. तू येऊन कॅमेऱ्यापुढं 'मी राजीखुशीनं सही केली' एवढंच म्हण. बाकी सगळं मी बोलतो. साडी घेऊन ठेवलीय (मोरपंखी, टीव्हीत उठून दिसते म्हणतात).

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडलं. आईला पत्र वाचून दाखवलं तर ती बराच वेळ गुडघा चोळत बसली. मग म्हणाली, "तिला खुशी व्हती का, ते इचारलंस का कवा? म्या बी न्हाई इचारलं." मी कपाटातून तो कागद काढला. त्यात लिहिलंय, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणतेही नशापाणी न करता. (नशापाण्याचं तेवढं खरं.) ते मी तू यायच्या आदल्या दिवशीच टाईप करून घेतलं होतं. तू पेन हातात घेऊन विचारलं होतंस, "वाचू का?" आणि मी म्हणालो होतो, त्यात काय वाचायचं, तुझी एस.टी. जाईल. अक्का, तू हसली नव्हतीस. हसत होतो तो मी. फार लाज वाटते.

ता. क. ३. रविवारचं रद्द केलंय. गिऱ्हाइकं गेली तर जाऊ देत. वडिलांचं खालचं रान विकून बसलोय, ते काही परत येत नाही. वरचं आहे, त्यातल्या निम्म्याचं बक्षीसपत्र तुझ्या नावानं करतोय. आधारकार्ड आणि दोन फोटो घेऊन सवडीनं ये. कागद सोबत धाडलाय, तू आधी वाच, दाजींना वाचायला दे, दिवसभर वाच. 'राजीखुशीने'ची जागा टायपिस्टला कोरी ठेवायला सांगितलीय. ये, तुला विचारतो, आणि मग हातानं लिहितो.