कुसुमचे उंदीर

पौड, मंगळवार, १० नोव्हेंबर १९५९

उंदरांचा हेवा वाटतो, हे लिहितानाही लाज वाटते. पण वाटतो.

पावसाळ्याआधी सुमती वारली. तेव्हापासून आमची लेक कुसुम माझ्याशी कामापुरतं बोलते आणि माळ्यावरच्या उंदरांशी तासन्‌तास. मी फेकलेले बॅटरीचे सेल जोडून त्यांनी वर इवलासा दिवा लावला आहे. धरणाची वीज मुंबईला जाते, आम्ही कंदिलाच्या काचा पुसतो, आणि त्यांच्याकडे दिवा.

आज कचेरीतून आलो तर ती त्यांना आईच्या गोष्टी सांगून हसत होती. मला एक तरी सांगितली का कधी? ती पाण्याला गेल्यावर शिडी चढलो. दिव्यापाशी म्हातारा उंदीर दातांनी तार सोलत होता.

"काय सांगते रे ती तुम्हाला?"

"तिलाच इचारा की," मान वर न करता म्हणाला. "आमी इचारतो म्हनून सांगती. तुमी कंदी इचारलं व्हय?"

पिंजरा लावावा असं मनात आलं. खरंच आलं.

जेवताना कसंबसं विचारलं, "आई भाकरी थापताना कुठलं गाणं म्हणायची गं?" आणि तो सूर अर्धामुर्धा गुणगुणलो.

कुसुमचा घास हातातच राहिला. "बाबा, तुम्हाला आई आठवते?"

म्हणजे इतके दिवस तिला वाटत होतं, मी विसरलो.

मी मान डोलावली. आता जवळ येऊन बसेल असं वाटलं.

"थांबा, हे त्यांना सांगून येते," म्हणाली आणि शिडी चढली.

तिचं ताट झाकून ठेवलं आहे. वर अजून बोलणं चाललंय. तो दिवाही जळतोय.