काकाची पोस्ट

रविवार, संध्याकाळ

डोकं भणाणलंय. आमच्या धामणगावच्या क्रिकेट ग्रुपचा मी ॲडमिन. नियमही माझाच: इथं फक्त मॅच, जातपात नाही, राजकारण नाही. आणि आज टीव्हीवर मॅच ऐन रंगात असताना माझ्याच काकानं बुद्धवाड्यातल्या जयंतीच्या मिरवणुकीवर खोचक पोस्ट टाकली. मिलिंद तिथलाच. दर ओव्हरला ग्रुपवर स्कोर टाकतो तो. "काका, आमच्या जयंतीवर असं बोलू नका," एवढंच त्यानं लिहिलं.

मी मिलिंदचं उडवलं. काकाचं राहू दिलं. मोठ्या माणसाचं कसं काढायचं?

लगेच मिलिंदचा फोन. "माहं काढलं, काकाचं ठेवलं. काऊन बे?"

"घरचा माणूस हाय यार. समजून घे."

"मंग मी कोण हाय?"

फोन कट.

मग काढली काकाची पोस्ट. काका ओट्यावरून ओरडला, "मले शिकवतं का बे?"

"नियम सगळ्यायले सारखा हाय, काका." हे वाक्य आधी कुठं गेलं होतं?

मॅच जिंकलो. ग्रुपवर फटाक्यांचे फोटो. कोणीतरी विचारलं, "स्कोर काय झाला?" मिलिंद ऑनलाइन दिसतोय, पण लिहीत नाही. स्कोर मला पाठ आहे. टाकायला बोट उठत नाही.