रक्त साफ निघालं

पुणे

ती. बाबांना दामिनीचा नमस्कार.

फोन तुम्ही मधेच ठेवून देता, म्हणून लिहून राहिली.

वीरेंद्र आता झोपतो, दोन पोळ्याही खातो. भिंतीतून शेजारचे आपल्याला शिव्या देतात, असं आधीपेक्षा कमी म्हणतो. इथली संत्री त्याला पांचट लागतात.

त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, या आजाराच्या सुरुवातीला काहींच्या रक्तात सुजेच्या खुणा सापडतात, सगळ्यांच्या नाही. वीरेंद्रच्या नाही सापडल्या. हे कळवलं तर तुम्ही म्हणालात, "रक्त साफ आहे नं? मंग नाटकं करून राहिला तो. घरी आण त्याले."

आजार आहेच, बाबा. बाईंनी तो रक्तावरून नाही, त्याच्याशी बोलून ओळखला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीत, नदीपल्याडच्या सावरगावकडून आलेल्या दगडानं त्याचं डोकं फुटलं, तेव्हा पट्टीसकट त्याला तुम्ही आख्ख्या मोहल्ल्यात मिरवलं. आता कोणी विचारलं, तर कंपनीच्या ट्रेनिंगला गेला म्हणता. रक्त दिसलं तर पोरगा वाघ, नाही दिसलं तर नाटकी!

आईचे गुडघे कसे आहेत? तिला तरी खरं सांगितलं का?

गोटमारीला दरवर्षी दुकान बंद ठेवता. यंदा त्या दिवशी इकडे या. वीरेंद्र रोज विचारतो, बाबा येऊन राहिले का? मी म्हणते, दुकानात गर्दी आहे. खोटं बोलणं मीही शिकली, तुमचीच पोरगी आहे.

दामिनी