तीन आभारांची चिठ्ठी

समुत साखोन,
४ जून

ती. आईस,
दुआंगताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू विचारतेस आणि मी बरंय म्हणून मोकळी होते, म्हणून खरं काय ते पत्रात. कारखान्यात नवंच खूळ आलंय. कोळंबी सोलायला उभं राहण्याआधी रोज तीन आभारांची चिठ्ठी लिहून फळ्यावर लावायची. बँकॉकहून आलेल्या बाई म्हणाल्या, आभार मानले की मन शांत होतं, काम हलकं होतं. आम्ही तोंड दाबून हसलो. पण खरं सांगू, चार दिवसांत मला गाढ झोप लागायला लागली.

काल पोटात फार कळा येत होत्या. आमच्या ओळीच्या मुकादम लमाईताई, आपल्याच मुलखातल्या, त्यांनी मला पालथ्या टोपलीवर बसवलं आणि माझ्या वाटणीची कोळंबी स्वतः सोलली. इथे बसायची सक्त मनाई. तू शिकवलंस तसे आज नावानिशी आभार लिहिले. शुक्रवारी सर्वांत छान चिठ्ठी भोंग्यावर वाचतात, पाच किलो तांदूळ बक्षीस. मलाच मिळणार बघ!

माया असू दे, आळशी म्हणू नकोस.
दुआंगता


रोई एत,
१० जून

चि. दुआंगतास अ. उ. आ.

तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं, शेजारणीला दाखवलं, विहारातल्या भंतेंनाही ऐकवलं. मावशी म्हणते, पोरगी कामचुकार ती कामचुकारच, पण शहाणी झाली. उपकार करणाऱ्याचं नाव झाकू नये, हे माझ्या आईचं सांगणं तू विसरली नाहीस, याचा मला फार आनंद झाला.

आंबवलेल्या मासळीचा डबा पाठवतेय. एकटीच फस्त करू नकोस. लमाईताई आपल्याच मुलखातल्या, त्यांना आधी दे. आलं उकळून पीत जा.

तुझी आई


समुत साखोन,
१७ जून

ती. आईस शि. सा. न.

तांदूळ मिळाले. शुक्रवारी माझीच चिठ्ठी वाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

सोमवारी लमाईताईंना कचेरीत बोलावलं आणि चौदा वर्षांची नोकरी दहा मिनिटांत गेली. कामावरच्या बाईला बसवलं, तिचं काम स्वतः केलं, दोन्ही नियमाबाहेर. आणि पुरावा माझ्याच अक्षरात फळ्यावर. मी धावत गेले, सांगितलं की मी खोटं लिहिलं होतं. साहेब शांतपणे म्हणाले, मग खोटं लिहिल्याबद्दल तूही जा, तरीही त्या काही परत यायच्या नाहीत. मी मागे फिरले. आई, मी जाऊन कोळंबी सोलायला उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन आभार. कुणाचे मानू? तांदळाच्या पिशवीला अजून हात लावलेला नाही.

तुझी दुर्दैवी
दुआंगता


रोई एत,
२३ जून

चि. दुआंगतास अ. उ. आ.

हे पत्र कुणाला वाचून दाखवलं नाही. नाव लिहायला मीच शिकवलं ना, म्हणजे अर्धी चिठ्ठी माझीच. फुलांचा हार घेऊन जा, त्यांच्या पायाशी बस, क्षमा माग. तांदूळ त्यांच्या दारी पोचव. याहून जास्त मलाही ठाऊक नाही.

तुझी आई


समुत साखोन,
३० जून

ती. आईस शि. सा. न.

जाऊन आले. ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हार घेतला, तुझी मासळी चिकट भाताशी खाल्ली, मलाच वाढलं. मग माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. म्हणाल्या, पोरी, तुझा जीव घाबरून अंगातून पळालाय, त्याला परत बोलावते. तांदूळ घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावी जायचं होतं, ओझं नको म्हणाल्या.

तो दोरा तीन दिवस काढायचा नसतो, हे मी तुला काय सांगू! पण कोळंबीच्या कामाला मनगटात काही चालत नाही. सकाळी फाटकावर पहारेकऱ्याने कात्री पुढे केली. मीच कापला.

आत जाऊन चिठ्ठी लिहिली. पंख्याचे आभार, नळाचे आभार, दिव्याचे आभार. त्यांना कोण काढून टाकणार? आता आमची सगळी ओळ तसंच लिहिते. परवा ओळीतल्याच सुवन्नीला घेरी आली, तर कुणी जागचं हललं नाही. मीही नाही.

शुक्रवारी पुन्हा माझीच चिठ्ठी वाचली. खोलीत आता दहा किलो तांदूळ पडून आहेत.

माया होती तशीच ठेव, आई. पण माझ्यासाठी कुणी काही केलंच, तर त्याचं नाव मला विचारू नकोस.

दुआंगता