सकाळचे दूध

ता. ३, सोमवार

चि. ठमीस आजोबांचे अ. उ. आ.

शौचाच्या नमुन्याची तुझी डबी बंद करून टपालाने रवाना केली. लोक नातीला खाऊ पाठवतात, तू माझ्याकडून हे मागवलेस. तुमच्या प्रयोगशाळेला तुलनेसाठी कधीच औषध न घेणारा माणूस हवा होता ना? अंगावर काढण्यात माझा हात कोण धरणार?

तुझ्या आजीच्या आतड्याचे ऑपरेशन वीस तारखेला ठरले. नंतर जंतू मारायला नेहमीचेच औषध देऊ, असे डॉक्टर म्हणाले. माझ्या जिवाला घोर लागला आहे. तिची तक्रार एकच, सकाळचे दूध कडू लागते. मी म्हणतो, जिभेचा दोष.

लोभ आहेच, उत्तर तेवढे लवकर धाड.

आजोबा

ता. ११, मंगळवार

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, पण खरे सांगा. आतड्यात हवेवाचून जगणाऱ्या जंतूंची जनुके आम्ही वाचतो. औषधाला दाद न देणारी जनुके तुमच्या जंतूंत इतकी निघाली, की नळ्यांची अदलाबदल झाली असे समजून मी तीनदा तपासले. तीनदा तेच. दवाखान्यात महिनोन्‌महिने पडून असलेल्या रोग्यांतही एवढी नसतात. आजीला देणार आहेत ते औषध तुमच्या जंतूंना मारत नाही, आणि एका घरातले जंतू एकमेकांकडे जातात. तुम्ही नक्की काय घेता?

आजीला जपा, आणि काही लपवू नका.

तुमची ठमी

ता. १४, शुक्रवार

चि. ठमीस अ. उ. आ.

पत्र वाचले. मग कपाटातला बिस्किटांचा डबा काढला. घरात कुणाला बरे वाटले की जंतू मारायच्या उरलेल्या गोळ्या टाकवत नसत, त्यात ठेवायचो. पोट गुरगुरले की अर्धी घ्यायचो. अर्धी म्हणजे काही औषध नव्हे, असे धरून चाललो. तुझी आजी गोळीला नाही म्हणते, म्हणून तिची अर्धी कुटून दुधात घालायचो. बारा वर्षे. काळजीपोटीच ग.

डबा डॉक्टरांपुढे ठेवला. एकेक पाकीट त्यांनी उलटून पाहिले. मग म्हणाले, आधी आजींचे जंतू तपासू. कोणते औषध चालते ते कळेपर्यंत मी सुरी धरणार नाही. नमुना तुमच्याकडेच धाडला आहे.

घरी येऊन तिला सगळे सांगितले. भांडली असती तर बरे झाले असते. एवढेच म्हणाली, की आपण तीन दूधवाले उगीच बदलले. आज सकाळी दूध नेले, तर पेला माझ्याकडे सरकवून म्हणाली, आधी तुम्ही प्या. मी एक घोट प्यायलो. तिने तरी उरलेले तसेच निवू दिले.

निकाल आला की तिलाच लिही. माझ्या हातून काही घ्यायला ती आता धजत नाही.

तुझा आजोबा