दादानं धरलेला पाय

विजयदादा,

हे पत्र टाकणार नाही. आबांच्या हाती पडलं तर तुलाच बोलणी खावी लागतील.

मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आबा म्हणाले, "येशू पायजे आसंल तर घर सोड." मी मुरगूड सोडलं आणि कोल्हापुरात कुष्ठरोग्यांच्या सेवेला लागले. परवा रविवारी तू पहिल्यांदाच आलास. मी एका म्हाताऱ्याची जखम धूत होते. वाटलं, बघून परत फिरशील. पण तू शेजारी बसलास आणि त्याचा पाय मांडीवर घेतलास.

"मला तुझा देव कळत न्हाय," म्हणालास, "पण पाय मी धरतो, तू पट्टी बांध."

त्या संध्याकाळी प्रार्थनेत मी काहीच मागितलं नाही. नुसते आभार मानले.

तुझी धाकटी,
स्नेहल